अंगणात निजलेली पिढी

आम्हा भावंडांमध्ये मोठं कोण, धाकटं कोण हे जन्मतारखेवरून कुणी सांगत नाही. 2018-19 च्या हिवाळ्यात कोण अंगणात निजलं आणि कोण आईच्या पोटात होतं, यावरून ते ठरतं. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, तलासरी या आमच्या भूकंपाच्या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत हीच मोजणी चालत असावी.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. भाताची झोडणी उरकून बाप्ये वीटभट्टीवर, नाहीतर पलीकडे वापी-उंबरगावच्या कारखान्यांत निघून गेलेले. घरात उरली म्हातारी माणसं, बाया, आम्ही पोरं आणि जनावरं. आधी आवाज यायचा, जमिनीखाली सुरुंग उडवल्यासारखा. मग फळीवरची भांडी वाजायची, मग कौलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, खदानीत स्फोट करतात. पण खदान रात्री दोन वाजता कशाला चालेल, असं काकी म्हणाली आणि तो विषय संपला.

1 फेब्रुवारी 2019 च्या शुक्रवारी 4.1 रिश्टरचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात दोन वर्षांची मुलगी बाहेर पळण्याच्या गडबडीत पडून दगावली. त्यानंतर घरात निजायचं नाव कुणी काढलं नाही. एनडीआरएफनं तंबू ठोकले, आश्रमशाळेतल्या पोरांचे वर्ग बाहेर भरू लागले. ज्यांना तंबू नव्हता त्यांनी बांबूवर ताडपत्री टाकली.

भूकंपापेक्षा दवानं जास्त छळलं, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. पहाटे गोधडी पिळावी इतकी भिजलेली असे. आजीनं जागा वाटून दिल्या. मध्ये पोरं, त्यांना लागून शेळीची करडं, कडेला मोठी माणसं. डालग्याखालच्या कोंबड्यांवर गोणपाट घालायचं, प्लास्टिक नाही, कारण त्यात त्या घुसमटतात. आमच्या कुत्रीनं त्याच थंडीत पिल्लं घातली होती. भाताच्या पेंढ्यावर फाटकं लुगडं अंथरून त्यांची टोपली आजीनं स्वतःच्या उशाशी घेतली. पिल्लं रात्रभर कुंकूं करायची आणि आजी झोपेतच त्यांना दटावायची.

शेकोटी हवीच, पण खळ्यात पेंढ्याची उडवी उभी. वारा फिरला की ठिणग्या थेट तिच्याकडे. म्हणून शेकोटी उडवीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि तिच्यावर पाणी ओतल्याशिवाय शेवटच्या माणसानं डोळा मिटायचा नाही असा दंडक होता. तंबूत चूल किंवा निखाऱ्यांचं घमेलं न्यायला सक्त मनाई. भूकंपातून वाचलेलं माणूस धुरानं गुदमरायला नको.

कुत्र्यांना भूकंप आधी कळतो, असं सगळेच म्हणायचे. त्यात तथ्य आहे. धक्क्याची पहिली लहर वेगानं येते, पण हलकी असते. माणसाला ती सहसा जाणवत नाही, जनावराला जाणवू शकते. जोराची लहर तिच्या मागून येते. पण आमच्याकडे केंद्रच पायाखाली, तेही उथळ. दोन लहरींमध्ये अंतर राहायचं ते एखाद-दोन सेकंदांचं. कुत्रं भुंकेपर्यंत जमीन हललेली असायची. कुत्र्याचा खरा उपयोग बिबट्याची चाहूल लागायला झाला. उघड्यावर निजलेल्या पाड्याला राखण लागतेच.

आम्हाला शिकवून गेली ती एक गाठ. शेळ्या खुंट्याला निरगाठीनं बांधलेल्या. धक्का बसला की त्या हिसडे देत आणि गाठ आणखी आवळत जाई. ती सोडायला कुणीतरी भिंतीखाली थांबायचंच. शेवटी एके दिवशी आजीनं सगळी दावी सुरगाठीनं बांधून घेतली आणि आम्हा एकेकाला अंधारात सोडून दाखवायला लावलं. धाकटीला एका ओढीत जमलं. मग रात्री शेळ्या घराच्या भिंतीपासून दूर, उघड्यावर बांधायच्या असंच ठरलं.

घरांचंही सांगायला हवं. कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं जुनं घर डोललं, पोपडे पडले, उभं राहिलं. घाईत, सळईची पट्टी न घालता बांधलेल्या विटांच्या भिंतींना मात्र कोपऱ्यातून उभ्या भेगा गेल्या. मी कुडाचे गोडवे गात नाही. थंडीत वारा आत येतो आणि आग लागली तर काही उरत नाही. पण पक्कं घर बांधायचंच तर जोत्याला, खिडकीच्या वर आणि छपराखाली सळईची पट्टी घाला. तिथे पैसे वाचवणं ही काटकसर नव्हे.

धक्के त्या हिवाळ्यानंतरही थांबले नाहीत. 2020 च्या सप्टेंबरातही ते बसले. म्हणून या भागात ज्यांच्या दारात गुरं-शेळ्या आहेत, त्यांनी आज झोपण्यापूर्वी दाव्याची गाठ बघावी. निरगाठ असेल तर सोडून सुरगाठ मारा, आणि ती घरातल्या सगळ्यात लहान पोराला सोडता येते का, तेही बघा.