जहाजावरचा मऊ भात

समुद्रसहल ही आता आपल्याकडे फारशी अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, नंतर तिच्याहून मोठी जहाजेही या किनाऱ्याला येऊ लागली, आणि बेळगाव-हुबळीकडची कुटुंबेही सुट्टीत बोटीचे तिकीट काढू लागली. बरोबर आजी-आजोबा असतात आणि पुष्कळदा कडेवर एखादे तान्हे मूलही. जहाजावर खाण्यापिण्याची ददात नसते, असे जाऊन आलेले सगळे सांगतात. मोठ्यांपुरते ते अगदी खरे आहे. मात्र ज्याला जेमतेम दोन दात आले आहेत आणि जो नुकताच चमचा ओळखू लागला आहे, त्याच्यासाठी त्या भरल्या टेबलांवर फारसे काही नसते.

आपल्या भागाला बोट तशी नवी नाही. एके काळी बेळगावची मंडळी आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जात आणि तिथून मुंबईची बोट धरत. डेकवर सतरंजी पसरायची आणि दशम्या, धपाटे, गुळपोळ्यांची शिदोरी सोडायची, असा तो प्रवास. तान्ह्याचे खाणेही त्याच शिदोरीतून निघे. आताच्या जहाजांचा नियम याच्या उलट आहे. घरी शिजवलेले पदार्थ बहुतेक कंपन्या जहाजावर आणू देत नाहीत. खोलीत शेगडी नसते, आणि पाणी तापवायची स्वतःची किटलीही आगीच्या भीतीने चालत नाही. म्हणजे आजीचा डबाही नाही आणि आजीची चूलही नाही.

गेल्या डिसेंबरात माझी लेक, जावई, विहीणबाई, मी आणि आठ महिन्यांचा नातू असे पाचजण मुंबई-गोवा-मुंबई अशा तीन रात्रींच्या सहलीला गेलो. आमची सोयरीक हुबळीची. त्यामुळे घरात दोन भाषा आणि दोन आज्ज्या. नातवाचे उष्टावण सहाव्या महिन्यात मामाच्या हातून, चांदीच्या वाटीतल्या खिरीने झाले होते. त्यानंतर तो खायला लागला खरा, पण चार चमचे खाल्ले की तोंड फिरवायचा. आधीच्या दोन महिन्यांत वजनही जेमतेम वाढले होते. त्यामुळे लेक निघायला तयार नव्हती. "तिथे त्याने काहीच खाल्ले नाही तर?" हा तिचा एकच प्रश्न.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला एक हिशेब समजावून सांगितला. तो प्रत्येक नव्या आईला ठाऊक असावा. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या २०० च्या आसपास वरच्या खाण्यातून याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. बाकीचा मोठा वाटा अजून दुधाचाच असतो. तेव्हा दूध नीट चालू असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल आणि बाळ खेळते असेल, तर तीन दिवस दोन घास कमी गेल्याने बिघडत नाही. "मात्र नवा पदार्थ बोटीवर पहिल्यांदा देऊ नका. काय द्यायचे ते आधी आठवडाभर घरी देऊन बघा," एवढी एक अट त्यांनी घातली. अंगावर पुरळ आले किंवा पोट बिघडले, तर त्याला निस्तरायची जागा समुद्र नव्हे.

मग बरोबर काय न्यायचे, यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. आमच्याकडे नाचणीचे सत्व. विहीणबाईंकडची रागी सरी म्हणजे थोड्याफार फरकाने तेच. पण दोन्ही शिजवावी लागतात आणि जहाजावर शिजवणार कुठे? तेव्हा विहीणबाईंनी तोडगा काढला. पातळ पोहे, म्हणजे त्यांची अवलक्की, मंद आचेवर कोरडी भाजून बारीक दळायची आणि चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. गरम पाणी घालून पाच मिनिटे झाकून ठेवले की मऊ लापशी तयार. जावयांनी कंपनीला आधीच पत्र लिहून विचारले. शिजवलेले काही नको, पण बाळाची कोरडी पूड बंद डब्यात चालेल, असे उत्तर आले. ते छापून आम्ही तिकिटाबरोबर ठेवले, आणि सामान तपासताना तो कागद दाखवावाही लागला.

पहिला दिवस कठीण गेला. जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना सुरक्षेची कवायत करावी लागते. तिथे बाळाच्या मापाचे लाइफ जॅकेट मागून घ्यावे. ती कवायत नेमकी नातवाच्या खाण्याच्या वेळेला आली. पुढे जेवणघरात झगझगीत दिवे, गाणी, शेकडो माणसे. त्याने दोन चमचे खाल्ले आणि तिसरा थुंकला. लेकीचा चेहरा उतरला. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हसिवाद्र तिंतान, बिडु." भूक लागली की खाईल, सोड. जेवणघरातून थर्मासभर उकळते पाणी घेऊन आम्ही खोलीत आलो. मंद दिवा लावला, अवलक्कीची लापशी केली, तिच्यात पिकलेले केळे कुस्करले. घरचे तेच लाळेरे बांधले, हातात तीच वाटी घेतली. या खेपेला अर्धी वाटी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इडलीने काम सोपे केले. गरम इडलीचा मधला मऊ भाग पाण्यात कुस्करला की झाले. प्रश्न दुपारचा होता. टेबलावरचा भात मोकळा, वरणात मीठ आणि वर लाल तिखटाची फोडणी. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-साखर वरून घालायची नसते, आणि मध तर मुळीच द्यायचा नसतो. जहाजांवरच्या नोकरीत गोवा, कारवार, मंगळूरकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या टेबलाकडचा पोरगा कारवारचा निघाला. जावयांनी त्याला कन्नडमध्ये सांगितले, "उप्पु बेड, खार बेड, अन्न मेत्तगे इरली." तो हसला आणि कोकणी वळणाच्या मराठीत मला म्हणाला, "आज्जी, आदल्या रात्री सांगितलं तर स्वयंपाकघरात वेगळं काढून ठेवतात. ऐनवेळी कुणाला सवड नसते." त्याने आत निरोप दिला. साडेअकराला, गर्दी व्हायच्या आत, मऊ भात आणि बिनफोडणीचे मुगाचे वरण आले. वर घरच्यासारखे थोडे तूप. त्यानंतर रोज रात्री आम्ही उद्याचे सांगून ठेवू लागलो.

गोव्यात जहाज मुरगावला लागले. बरोबरची मंडळी देवळे आणि किनारे बघायला गेली. आम्ही वास्कोतच थांबलो. एका साध्या खाणावळीत उकड्या तांदळाची पेज मिळाली. गोव्यात सकाळी दहा-अकराची पेज हा जुना रिवाज. मीठ घालण्याआधी आमची वाटी बाजूला काढून दिली. शिते बोटांनी दाबून भरवली, आणि नातवाने सगळ्या सहलीतले सर्वांत जास्त खाल्ले. सोललेले केळे मिळते तिथे कापलेली फळे घ्यायची नाहीत, आणि बाळाचे पाणी थर्मासमधलेच, एवढे पथ्य पाळले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. तिकिटाआधी वयाची अट विचारा. बऱ्याच मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि दिवसच्या दिवस समुद्रातच राहणाऱ्या सफरींना बहुधा बारा महिने पूर्ण लागतात. बाळाची उंच खुर्ची आधी सांगून ठेवा आणि बसवण्याआधी पुसून घ्या. जहाजावर जुलाब-उलटीची साथ झपाट्याने पसरते. तिच्या नेहमीच्या विषाणूवर हाताला लावायचे सॅनिटायझर नीट चालत नाही, म्हणून भरवण्याआधी साबणाने हात धुवा. सकाळची इडली दुपारसाठी पिशवीत ठेवू नका. शिजवलेले अन्न दोन तासांपलीकडे बाहेर ठेवून बाळाला देऊ नये, आणि उष्ट्या वाटीतले तर मागाहून मुळीच नको. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही, आईला मात्र लागू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईने उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

परतल्यावर आठवड्याने नातवाला काट्यावर ठेवले. वजन घटले नव्हते, थोडे वाढलेच होते. लेकीने तो आकडा पहिल्यांदा हुबळीला फोन करून सांगितला. पलीकडून विहीणबाईंनी विचारले, अवलक्कीची पूड संपली का, अजून पाठवू? आता आमच्या घरी नाचणीच्या सत्वाच्या डब्याशेजारी तोही डबा कायमचा आला आहे. रेल्वेने जायचे असो वा लग्नाला, पिशवीत पहिल्यांदा तोच भरला जातो.