पैसे घेणारा कोण, ते आधी बघ

पुणे

चि. मुक्ता हिस,


जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सहलीसाठी फॉरेक्स कार्ड घ्यावं, क्रेडिट कार्डावर भागवावं की युरोच्या नोटा न्याव्यात, यांतलं स्वस्त काय पडेल, असं तू विचारलं आहेस. प्रश्न रास्त आहे, पण त्याची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली आहे असं मला वाटतं. परदेशी जायचं ठरलं की आपल्याकडे सगळी चर्चा दरावर येऊन थांबते. कुठला मनी चेंजर युरोमागे चाळीस पैसे कमी लावतो, कुठल्या कार्डाला मार्कअप नाही, वगैरे. हॉटेलात राहणाऱ्याचं तेवढ्यावर निभतं, कारण त्याचा बराचसा खर्च निघण्यापूर्वीच झालेला असतो आणि उरलेला मोठ्या दुकानांत आणि रेस्टॉरंटांत होतो. तुम्ही दोघं मात्र भाड्याची गाडी आणि तंबू घेऊन बव्हेरियातून टिरोलमध्ये जाणार आहात. तुम्हाला जिथे जिथे पैसे मोजावे लागतील ती ठिकाणंच निराळी आहेत. म्हणून पैसा कुठल्या रूपात न्यायचा, हे तो घेणाऱ्याकडे बघून ठरव. दराचा हिशेब त्यानंतर.

कॅम्पसाइटवरचा खर्च कसा होतो ते बघ. तंबूच्या जागेचे वेगळे, माणशी वेगळे, गाडीचे वेगळे, वीज घेतली तर तिचे वेगळे, आणि पर्यटनाच्या गावांत वर ‘कुर्टाक्से’, म्हणजे माणशी दर रात्रीचा कर. हे ऑफिसात चुकतं केलं की किरकोळ खर्च सुरू होतो. बऱ्याच ठिकाणी शॉवरपाशी भिंतीवर एक पेटी असते. तिच्यात पन्नास सेंटचं किंवा एक युरोचं नाणं टाकलं की ठरावीक मिनिटं गरम पाणी येतं, आणि वेळ संपली की डोक्याला साबण असला तरी थांबतं. कपडे धुण्याच्या मशीनलाही नाणं, नाहीतर ऑफिसातून विकत घेतलेलं टोकन लागतं. सकाळी ताजे ‘ब्रोटशेन’, म्हणजे छोटे पाव, हवे असतील तर आदल्या संध्याकाळी ऑफिसात सांगून ठेवायचं आणि सकाळी सुटे देऊन पिशवी न्यायची. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी ऑफिसाच्या या छोट्या खिडकीवरच तुमची भिस्त राहणार. डोंगरात चढून गेलात तर गिर्यारोहक संघांची ‘ह्युट्टे’ लागतात. तिथे अनेकदा मोबाइलला धड नेटवर्क नसतं, म्हणून कित्येक ठिकाणी रोखच घेतात.

यावर तू म्हणशील की हे सगळं जुनं झालं, आता युरोपात कार्डच चालतं. नॉर्वे, स्वीडन किंवा आइसलँडबद्दल बोलत असतीस तर मी मान्य केलं असतं. जर्मनीचं तसं नाही. तिथल्या मध्यवर्ती बँकेने, बुंडेसबँकेने, २०२३ साली केलेल्या पाहणीत लोकांच्या एकूण व्यवहारांपैकी ५१ टक्के रोखीने झालेले आढळले. मूल्याच्या हिशेबाने मात्र रोखीचा वाटा २६ टक्केच भरला. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाच. रोखीची गरज वारंवार पडते, पण दर वेळी थोडीच. दुसरी गोष्ट म्हणजे खिडकीवर ‘कार्ड चालेल’ अशी पाटी दिसली तरी तुझं कार्ड चालेलच असं नाही. जर्मनांचं स्वतःचं ‘गिरोकार्ड’ आहे. लोक त्याला अजून जुन्या सवयीने ईसी-कार्ड म्हणतात. काही छोटे व्यावसायिक तेवढंच घेतात, कारण व्हिसा आणि मास्टरकार्डचं शुल्क त्यांना जास्त पडतं. आपली भारतीय कार्डं तिथे उपयोगाची नाहीत. यूपीआयचंही असंच. २०२४ पासून पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येतं, हे खरं, पण बव्हेरियातल्या तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर त्याच्या भरवशावर जाऊ नकोस.

मग सगळेच पैसे रोख न्यावेत का? तेही नाही, कारण दुसऱ्या टोकाला असे घेणारे आहेत ज्यांना रोख नकोच असते. भाड्याच्या गाडीचा काउंटर हा त्यांतला पहिला. तिथे अनामत रक्कम अडवून ठेवतात आणि त्यासाठी बहुधा गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. फॉरेक्स कार्ड हे आगाऊ भरलेलं कार्ड. कित्येक कंपन्या ते अनामतीसाठी घेत नाहीत, आणि एखादीने घेतलंच तर तुमच्या खर्चाचे पैसे परत मोकळे होईपर्यंत त्यात अडकून पडतात. माणूस नसलेल्या पेट्रोल पंपावरही असंच होतं. आधी मोठी रक्कम अडवली जाते आणि खरा आकडा मागाहून लागतो. म्हणून गाडी तुझा नवरा चालवणार असेल तर क्रेडिट कार्ड त्याच्या नावाचं हवं, आणि अनामत अडकूनही काही शिल्लक राहील एवढी त्याची मर्यादा हवी. त्या कार्डावर एटीएममधून रोख मात्र काढू नका. काढल्या दिवसापासून व्याज लागतं, वर वेगळं शुल्क.

आता दराकडे येते. क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ४.१३ टक्के होतात, म्हणजे हजार युरोंमागे ४१ युरो. ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही, म्हणून किराणा, माणूस असलेल्या पंपावरचं पेट्रोल, रेस्टॉरंट असा रोजचा मोठा खर्च युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डावर टाकावा. मात्र ते कार्ड फुकट नसतं. भरतानाचा दर बाजारभावाहून चढाच असतो, एटीएममधून पैसे काढले की प्रत्येक वेळी शुल्क पडतं, आणि वाट वाकडी करून स्वित्झर्लंडमध्ये गेलात तर युरोचे फ्रँक करण्याचा वेगळा आकार लागतो. नोटांवरचा कर किरकोळ आहे, एक लाख रुपयांच्या चलनबदलाला १८० रुपये जीएसटी. नोटा महाग पडतात त्या मनी चेंजरच्या दरामुळे. पण समज, तिथे तुमचा हातखर्च १,५०० युरो होणार आहे. वरच्या २६ टक्क्यांचा अंदाज धरला तर रोख ४०० युरोंच्या आसपास लागेल. त्यावर दोन टक्के जास्त गेले तरी नुकसान आठ युरोंचं. स्वस्त काय, या प्रश्नाची रोखीपुरती किंमत एवढीच आहे. याहून मोठी गळती कार्डाच्या मशीनवर होते. ते विचारतं, रक्कम रुपयांत घेऊ की युरोत? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, पण तो दर समोरच्याने लावलेला असतो आणि बहुधा वाईट असतो. दर वेळी युरोच निवडायचं. एटीएमवरही तसंच.

सर्वांत वजनदार आक्षेप चोरीचा. तंबूला कुलूप नसतं, गाडीची काच फुटू शकते, आणि गेलेली रोख परत येत नाही. कार्ड निदान ब्लॉक तरी करता येतं. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघतं ते एवढंच की रोख कमी आणि विभागून ठेवावी, अजिबात नेऊ नये असं नाही. ४०० युरो दोघांत वाटून घ्या. दोन दिवसांपुरते खिशात, बाकीचे झोपतानाही अंगावरच्या पाऊचमध्ये. क्रेडिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड एकाच पाकिटात राहता कामा नयेत, नाहीतर दोन ठेवण्याला अर्थच उरत नाही.

नोटा घेताना मनी चेंजरकडे दहा आणि वीसच्या माग. शंभर-दोनशेची नोट कॅम्पच्या खिडकीवर कुणी मोडून देईलच असं नाही. नाणी इथे मिळत नाहीत. ती तिथल्या पहिल्याच खरेदीतून जमवायची आणि पन्नास सेंट, एक आणि दोन युरोची नाणी बाजूला काढून ठेवायची. बाटल्यांची अनामतही लक्षात ठेव. जर्मनीत प्लास्टिकची बाटली किंवा कॅन घेतला की साधारणपणे २५ सेंट जास्त लागतात. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये सरकवली की चिठ्ठी मिळते आणि ती गल्ल्यावर दिली की सुटे हातात पडतात. नियमाच्या मर्यादांचा तुम्हाला त्रास नाही. एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात, आणि परतल्यावर टॅक्सीला उपयोगी पडतील म्हणून २५,००० पर्यंत भारतीय रुपयेही जवळ ठेवता येतात. उरलेली नाणी इथे कुणी विकत घेत नाही, तेव्हा शेवटच्या दिवशी ती खर्चून टाका.

थोडक्यात, अनामतीला क्रेडिट कार्ड, रोजच्या मोठ्या खर्चाला फॉरेक्स कार्ड आणि कॅम्पवरच्या किरकोळीला एक चतुर्थांश रोख. तिन्ही लागतात, कारण घेणारे तीन तऱ्हेचे आहेत. एक काम मात्र आजच कर. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशातला वापर मुळातच बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोघांच्या कार्डांवर तो सुरू करून घे, मर्यादा ठरव, पिन पाठ कर, आणि ओटीपीसाठी इथल्या सिमचं रोमिंग चालू ठेव.

तुझी,
शुभामावशी