उन्हाआड ठेवलेलं घर

भिवंडीकडे जाताना माणकोली मागे पडली की गोदामांची वस्ती लागते. पत्र्याची लांबच लांब छपरं, दारात उलटे लागलेले ट्रक, चाकांखाली कायमची उडणारी करडी धूळ, आणि आत गेलं की ट्यूबलाइटच्या उजेडातली एक अरुंद वाट, जिच्या दोन्ही बाजूंना ओळीनं शटरं खाली ओढलेली. हवेत पुठ्ठ्याचा, डांबरगोळ्यांचा आणि कोंडून राहिलेल्या लाकडाचा वास. एकेका शटराआड एकेका कुटुंबाची भांडी, पलंग, पाट, पोथ्या, पाळणे छतापर्यंत रचून ठेवलेले, आणि या सगळ्यांत कुणाचा आवाज नाही.

मुंबईत चाळ पुनर्विकासाला गेली की घर दोन जागी वाटलं जातं. माणसं, देव आणि औषधांची पिशवी भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातात. बाकीचं इकडे येतं. आमची गिरगावातली खोली पागडीची होती. तिच्या महिन्याच्या भाड्याच्या कितीतरी पट आता नुसत्या सामानाच्या जागेला द्यावं लागतं. एवढ्याशा खोलीतून इतकं निघालं कसं, असं टेम्पोवाल्यांनी विचारलं होतं. पण मुंबईच्या खोल्या अशाच भरत गेल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यात तीन-तीन पिढ्या नांदल्या. जमिनीवर जागा संपली की घर वर चढायचं, पोटमाळ्यावर, फळीवर, खुंटीवर, पलंगाखालच्या ट्रंकेत. वस्तू एकमेकींना टेकून जगत होत्या.

गोदामवाले गॅसचा सिलिंडर घेत नाहीत, धान्य घेत नाहीत, कुंड्या घेत नाहीत. जे पेटतं, जे शिजतं, जे उगवतं, ते सगळं दाराबाहेर राहतं. तुळस शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडे गेली. आत गेलं ते फक्त थांबू शकणारं.

सामान उचलण्याआधी पॅकर्सचा माणूस यादी करतो. कुठला ओरखडा आधीचा, कुठला प्रवासातला, याचा पुढे वाद नको म्हणून प्रत्येक वस्तूपुढे तिची अवस्था लिहितो. आजीच्या गोदरेजच्या कपाटापुढे त्यानं लिहिलं, ‘जुने, डावी बाजू घासलेली.’ मी ती डावी बाजू कितीतरी वेळ बघत राहिलो. हिरवा रंग उडून आतला करडा पत्रा दिसणारा, वीतभर लांबीचा, किंचित कमानदार पट्टा. कपाटाला लागून पाळणा टांगलेला असे, आणि झोका मोठा झाला की त्याची लोखंडी कडी तिथे घासत असे. बाबा त्या पाळण्यात वाढले, आत्या वाढल्या, मी वाढलो, धाकटी बहीण वाढली. रात्री अर्धवट झोपेत ऐकलेला तो खरखरीत, संथ, परत परत येणारा आवाज, ज्याच्या तालावर आजीचा सूर हळूहळू खाली उतरत जाई, तो सगळा त्या वीतभर पट्ट्यात उतरला आहे. आता पाळणा सुटा करून दुसऱ्या कोपऱ्यात बांधून ठेवलाय. कपाट आणि पाळणा इतके दूर कधीच नव्हते.

पाऊस सरला की चाळीत गाद्यांना ऊन दाखवत. आश्विनातलं ते स्वच्छ, तापलेलं ऊन गॅलरीच्या कठड्यावर उतरायचं आणि घराघरातून रजया, लोकरीचे कपडे, आजोबांच्या पोथ्या, ट्रंकेच्या तळाशी वर्षभर निजलेली शाल असं सगळं बाहेर यायचं. प्रत्येक वस्तूला वर्षातून एकदा कुणाचा तरी हात लागायचा. संध्याकाळी त्या गाद्यांवर अंग टाकलं की पाठीला दिवसभराचं ऊन लागायचं.

गोदामात ऊन येत नाही.

तिथे सकाळ होत नाही, दिवेलागण होत नाही. आजीच्या कपाटाच्या आरशात काही उमटत नाही. वेळ कळते ती डांबरगोळीवरून. ती वितळत नाही, पाणी होत नाही, थेट हवेत विरत जाते. ठेवताना टपोरी असलेली गोळी पुढच्या खेपेला वाटाण्याएवढी होते, मग कागदाच्या पुडीत नुसता वास उरतो.

अंधारात ठेवणं आपल्याकडे नवं नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं होती. तोंड बंद करून वर माती लोटली की आत हवा नाही, कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं तरी लगेच कुणी उतरत नसे. आधी आतली कोंदट हवा निघून जाऊ द्यायची, मग पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी पेवं निकामी झाली. मला मात्र शटर वर करताना दर वेळी तो कंदील आठवतो, आणि मी उंबऱ्यावर क्षणभर थांबतो. हळदीला अंधार मानवतो. लाकूड दमटपणानं फुगतं, खण अडकतात. पुस्तकांना कसर लागते. साड्यांचा जर घडीवर चिरतो.

म्हणून आई येते. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ट्रंक उघडते आणि एकेक साडी मांडीवर घेऊन तिची घडी मोडते. जुनी घडी उकलते, जिथे दुमड होती तिथे तळहात फिरवते आणि दुसऱ्या जागी दुमडते. लग्नातला शालू, आजीचं इरकल, मावशीनं दिलेली नारायणपेठ. तिच्या बोटांना सगळ्यांची वयं ठाऊक आहेत. वॉचमन म्हणतो, “मावशी, दारात बसा, इथं वारा आहे.” ती स्टूल पुढे सरकवते. दारातून आलेला उजेड काठावर पडतो आणि तेवढा वेळ त्या कोंदट जागेत आमचं घर असतं. मला वाटतं, घर भिंतींच्या आधी या हातात असतं. नव्या इमारतीत ते लागेल तेव्हा इथूनच लागेल.

तुमचंही सामान असं कुठे बंद पडून असेल तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आत, एकदा जाऊन या. कोरडा दिवस बघा. शटर पूर्ण वर करा आणि थोडं थांबून आत जा. घड्या बदला, पुस्तकं चाळा, कपाटाची दोन्ही दारं उघडी टाका. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्या. कुठल्या खोक्यात काय आहे, ते यादीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.