आकडे मोजत जिताड्यापर्यंत

थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटं: आधी उंदेरी, तिच्या पलीकडे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं, तेव्हा मराठ्यांच्या हलक्या, उथळ बुडाच्या होड्या इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या. या पाण्यात खोलीचा अंदाज असलेल्यालाच वाट मिळते. खडपावर उभा राहून जिताडा या माशासाठी गळ टाकणाऱ्यालाही तोच अंदाज लागतो.

जिताडा बोयींच्या थव्यामागे भरतीबरोबर आत शिरतो आणि ओहोटीला खडकाच्या आडोशाला, वाहत्या पाण्याच्या कडेला दबा धरतो. तरंगणारा ल्युर, म्हणजे कृत्रिम आमिष, त्याच्या डोक्यावरून निघून जातो. बुडणारा मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा ल्युर, मात्र त्याच्या तोंडासमोर नेता येतो.

अशा ल्युरचा सर्वांत परिचित नमुना फिनलंडचा. लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बूच कोरून पहिला तरंगता मिनो केला. त्याच घरातला बुडणारा ‘काउंटडाउन’ साठच्या दशकात आला. तो सेकंदाला साधारण फूटभर खाली जातो, म्हणून पाण्यात पडल्यापासून आकडे मोजायचे. खडपावर तळ गाठायची घाई महागात पडते, कारण कालवांच्या धारेवर दोरी कापली जाते आणि ल्युर जातो तो जातोच. तीनवर ओढायला सुरुवात करावी, मग चारवर, मग पाचवर. खडक घासल्याची जाणीव झाली की एक आकडा मागे यावं.

हा आकडा दिवसभर टिकत नाही. उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटर उतरत असेल, तर ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात त्यातलं निम्मं ओसरतं. म्हणजे तासाला मीटरभर, जवळपास तीन आकडे! मघाशी सहावर सुरक्षित असलेला ल्युर तासाभरात खडकात अडकणार. त्यात प्रवाह जोराचा असेल तर दोरीला फुगा येतो, ल्युर वर उचलला जातो आणि आकडा वाढवावा लागतो. जाड दोरीनंही ल्युर सावकाश बुडतो.

दुकानात ल्युर घेताना मात्र गिऱ्हाईक रंग पाहून निवड करतं. गढूळ पाण्यात रंगापेक्षा अंगाची सावली आणि थरथर जास्त मोलाची. आधी वजन पाहावं: ११ सेंटिमीटरचा काउंटडाउन १६ ग्रॅमचा असतो, समोरच्या वाऱ्यात ७ सेंटिमीटरच्या ८ ग्रॅमपेक्षा तो कितीतरी दूर जातो. मग गळ तपासावेत. जिताडा तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि लगेच उसळी मारतो. बारीक तारेचे तीनतोंडी गळ त्यात सरळ होतात. ते बदलून दणकट बसवले की ल्युर जड होतो, वेगानं बुडतो, तेव्हा मोजणी नव्यानं करावी. पावसाळ्यात खाडीच्या गोड्या पाण्यातही तोच ल्युर किंचित लवकर खाली जातो.

जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार सुरीसारखी असते. ल्युरजवळची दोरी जाड हवी आणि हात तिथे घालू नये. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर बहुतेक मादी होतो. म्हणून मोठं जनावर गळाला लागलं, तर ते सोडून द्यावं: त्याला पाण्यातच धरून पक्कडीनं गळ काढावा आणि प्रवाहाकडे तोंड करून, ते शेपटी मारेपर्यंत आधार द्यावा.