चिमट्यातले चाक

मामूने कुवेतहून आणलेला खोका धाकट्याने मे महिन्याच्या सुट्टीत उघडला. आत जॅग्वार विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग होते, 1:72 मापाचे. खरे विमान जवळजवळ 17 मीटर लांब, हे जोडल्यावर साधारण 23 सेंटिमीटर. ‘‘जॅग्वार 1979 मध्ये आपल्या वायुदलात आले, तेव्हा प्रमुख होते इद्रिस हसन लतीफ. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपालही झाले,’’ मी शिक्षिकेच्या सवयीने सांगू लागले. त्याचे डोळे मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या भागांवर होते.

पुढचे चाक मीच कापून सुटे केले, चिमट्यात घट्ट धरले आणि ब्रश टेकवला. चाक टणकन उडाले ते थेट आंब्यांच्या आढीत! ‘‘तू मध्ये मध्ये करतोस म्हणून!’’ मी ओरडले. तो गप्प झाला. ही गप्पी माझ्या ओळखीची होती. उर्दूच्या वहीत नुक्ता राहिला की मी लाल शाईने गोल करते. हल्ली तो वही दाखवायचेच टाळत होता.

रात्री दोघांनी एकेक हापूस बाजूला ठेवला, पेंढा झटकला. बॅटरी जमिनीलगत आडवी धरली, म्हणजे बारीक वस्तूचीही लांब सावली पडते. चाक सापडले. तो हळूच म्हणाला, ‘‘अम्मी, घट्ट धरलंस म्हणून उडालं.’’

मग आम्ही रीत बदलली. भाग साबणाच्या पाण्याने धुतले, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. बारीक भाग चौकटीवर असतानाच रंगवले. एका जाड थराऐवजी दोन पातळ. सुटे झालेले भाग चिकटपट्टीने टूथपिकच्या टोकाला लावले. जोडायच्या जागेवरचा रंग खरवडला, कारण हा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधतो, रंगावर टिकत नाही. सगळे काम परातीत केले आणि चिमटा फक्त पडणार नाही इतकाच दाबला.

चौथ्या दिवशी विमान चाकांवर उभे राहिले. पुढचे चाक किंचित तिरके आहे. ते तसेच ठेवले.

त्याच संध्याकाळी धाकट्याने आपणहून उर्दूची वही पुढे केली. तीन नुक्ते राहिले होते. मी लाल पेन बाजूला ठेवले आणि पेन्सिल त्याच्याच हातात दिली. दोन त्याने स्वतः शोधले. तिसरा आम्ही मिळून शोधला.