फळीवरचा डबा

मंगळवार, रात्र

सत्तरीच्या आजी आज खोकल्यासाठी आल्या होत्या. उठता उठता म्हणाल्या, "बाई, फळीवरच्या मेतकुटाच्या डब्याला हल्ली हातच पुरत नाही." भिंतीशी उभं करून उंची मोजली. जुन्या कागदावरच्यापेक्षा पाच सेंटिमीटर कमी! मणके गुपचूप दबले असणार.

दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, विषय संपला. तेव्हाही त्या माझ्याकडेच यायच्या. बी.पी. मोजलं, साखर पाहिली; हाडांचं मात्र विचारलंच नाही. फार लागलं मनाला.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, हाड भराभर झिजू लागतं, आणि मोडेपर्यंत दुखत नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होणं. पण साध्या पडण्याने मणका किंवा खुबा मोडला, तर आकड्याची वाट कशाला पाहायची?

पाठीचा एक्स-रे आणि डेक्सा लिहून दिलं. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लागली तर कशी घ्यायची तेही सांगितलं: उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

"चहासुद्धा नाही?" आजींचा चेहराच उतरला.

"अर्ध्या तासाने घ्या की."

त्यांच्या सुनेला म्हटलं, मोरीत धरायला दांडा बसवून घ्या. आणि तो डबा आजच खाली काढून ठेवा.