माकडहाड

ओल्या मोरीत पाय घसरून माणूस धपकन बसला, की त्याला आधी ब्रह्मांड आठवते आणि पाठोपाठ माकडहाड. पाठीच्या कण्याच्या या शेवटच्या टोकाला मराठी भाषेने किती मोकळेपणाने नाव देऊन टाकले आहे! मोठे कुलाभिमानी गृहस्थही ‘माकडहाड दुखते हो’ असे चारचौघांत सांगतात, आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही.

गैर वाटते ते त्या नावाचा अर्थ सांगू लागले म्हणजे. जालन्यात आमच्या शेजारी एक कीर्तनकार बुवा राहतात. फराळाच्या वेळी मी हा विषय काढताच त्यांनी हातातली चकली खाली ठेवली. “अहो, माकडाचा माणूस होताना पाहिला आहे का कुणी?”

हा प्रश्न एकट्या बुवांचा नाही. येथून ६० किलोमीटरांवरच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जानेवारी २०१८ मध्ये वैदिक संमेलन भरले होते. तेथे तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही हाच सवाल करून डार्विन चुकीचा ठरवला. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर उत्तर दिले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्याच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र उत्क्रांतीचा धडा आहे, गर्भांचा पुरावाही आहे. बुवांची नात तोच धडा वाचते. म्हणून तर चकली खाली ठेवली गेली!

आजच्या माकडाचा माणूस झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढेच म्हणते. आणि पाहायचेच असेल तर आईच्या पोटात पाहावे. चार-पाच आठवड्यांच्या मानवी गर्भाला चांगले शेपूट असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास ते नाहीसे होते. उरते ते माकडहाड. गळ्याशी कमानींसारख्या वळ्या उमटतात. माशात त्यांचे कल्ले होतात, आपल्यात जबडा, स्वरयंत्र आणि कानातली चिमुकली हाडे.

फॉन बेअर या पंडिताने १८२८ मध्ये लिहून ठेवले आहे, की स्पिरिटमध्ये ठेवलेल्या दोन गर्भांना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या, आणि ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे त्यालाच सांगता येईना. गंमत अशी, की हा गृहस्थ पुढे डार्विनच्या विरोधातच राहिला. आणि डार्विनने मात्र १८६० च्या एका पत्रात गर्भविज्ञानालाच आपला सर्वांत बळकट पुरावा म्हटले.

“पण ती चित्रे खोटी होती म्हणतात!” बुवा म्हणाले. बुवांचे वाचन दांडगे आहे. जर्मनीच्या हेकेलने १८६८ मध्ये कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून एकच ठसा तीनदा छापला, हे खरेच. प्रत्येक गर्भ आपल्या पूर्वजांचा सारा इतिहास पुन्हा जगतो, हे त्याचे मतही टिकले नाही. परंतु त्याची लबाडी पकडली ती रूटिमायर या प्राणिशास्त्रज्ञानेच. चित्र खोटे निघाले, म्हणून गर्भाचे शेपूट काही गळून पडले नाही.

मग बुवांनी समर्थांना साक्षीला बोलावले. समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यातले. दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात गर्भवासाचे वर्णन आहे. ते मी ऐकत आलो आहे. शरीरशास्त्र शिकवावे म्हणून समर्थांनी ते लिहिले नाही. देहाचा ताठा उतरावा म्हणून लिहिले. त्यांना या वादात कुणाच्याच बाजूने उभे करू नये. पण ताठा उतरवायचाच असेल, तर महिनाभराच्या गर्भाचे शेपूट तरी काय कमी आहे? राजाला होते, रंकाला होते. बुवांना होते, मला होते. एवढी समता आपल्याला बाहेर कुठे पाहायला मिळते?

बुवा बोलले नाहीत. तेवढ्यात नात वही घेऊन आली. “आजोबा, गर्भाचा पुरावा लिहू की सोडून देऊ?”

बुवांनी चकली उचलली. “लिही,” ते म्हणाले, “आणि चित्रे वेगवेगळी काढ. एकच तीनदा नको.”